वाचक विचारतात : कवींची, रस्त्यांची आणि राशींची जहाजे

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो असून भुसावळला राहतो. माझा भाचा इटलीतील सार्डिनिया बेटावर गेला होता. तेथील ओल्बिया बंदरातून त्याने पाठवलेल्या छायाचित्रात एका प्रचंड जहाजाच्या अंगावर कार्टूनमधले मांजर रंगवलेले दिसते. ‘तिरेनिया’ ही जुनी सरकारी कंपनीही आता याच घराण्याकडे आहे, असे तो कळवतो. या कंपनीची माहिती द्यावी आणि प्रवासी जहाजावर मांजर कशासाठी, तेही सांगावे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मांजराकडे शेवटी येऊ, कारण त्याच्या आधी तिरेनियाच्या जहाजांच्या नावांत कवी, रस्ते आणि राशी येऊन गेल्या आहेत.

तिरेनियाची स्थापना डिसेंबर १९३६ मध्ये नेपल्स येथे झाली आणि इटलीच्या पश्चिमेकडील तिरेनियन समुद्रावरून तिला नाव मिळाले. मात्र तिचे मूळ आणखी मागे, पालेर्मोचे फ्लोरिओ घराणे आणि जेनोव्याचे जहाजमालक राफाएले रुबात्तिनो यांच्यापर्यंत जाते. मे १८६० मध्ये इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी आपले हजारएक स्वयंसेवक घेऊन सिसिलीवर उतरला, तो रुबात्तिनोच्याच ‘पिएमोंते’ आणि ‘लोंबार्दो’ या दोन आगबोटींतून. या दोन्ही पेढ्या १८८१ साली एकत्र आल्या, पुढे मोडतोड आणि जुळवाजुळव होत बेटांकडे जाणारे टपाल-मार्ग तिरेनियाच्या हाती आले आणि कंपनी सरकारी झाली. दुसऱ्या महायुद्धात तिची बहुतेक जहाजे बुडाली.

तिचे काम समजून घ्यायला आपली एस.टी. डोळ्यांसमोर आणावी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला मुक्कामाची गाडी चार प्रवासी असले तरी जाते, तसेच नेपल्स–पालेर्मो किंवा चिवितावेक्किया–ओल्बिया हे मार्ग ऐन हिवाळ्यात जहाज रिकामे असले तरी चालवावे लागत, आणि तोटा सरकारी अनुदानातून भरून निघे. लहान बेटांसाठी तर पुढे कारेमार, सिरेमार, तोरेमार आणि सारेमार अशा चार उपकंपन्या काढण्यात आल्या.

आता ताफ्याविषयी. युद्धानंतर बांधलेल्या जहाजांना सिसिलिया, सार्देन्या, कालाब्रिया अशी प्रांतांची नावे देण्यात आली. मोडलेला देश पुन्हा जोडायचा होता, तेव्हा ते साहजिकच होते. १९७० पासून मोटारी थेट पोटात घेणारी सहा जहाजे आली आणि त्यांना बोकाच्चिओ, कार्दुच्ची, लेओपार्दी, मान्झोनी, पास्कोली व पेत्रार्का या साहित्यिकांची नावे मिळाली. हाजिऱ्याहून घोघ्याला जाणारी रो-रो सुरतेला ये-जा असणाऱ्या खान्देशी माणसाला नवी नाही. ही जहाजे त्याच जातीची. दशक संपता संपता पुन्हा सहा जहाजे आली, तेव्हा मात्र आउरेलिया, फ्लामिनिया, एमिलिया अशी प्राचीन रोमन रस्त्यांची नावे निवडली गेली. ज्या जहाजाच्या पोटात मालमोटारींच्या रांगा उभ्या राहतात त्याला रस्त्याचे नाव द्यावे, हे आम्हाला कवींच्या नावांपेक्षाही समर्पक वाटते. गर्दी वाढली तशी ही जहाजे मधोमध कापून, नवा तुकडा घालून लांब करण्यात आली. आपल्याकडे गाडीला जादा डबे लावतात, तसाच हा प्रकार, फक्त येथे डबा अख्ख्या गाडीच्या अंगातच जोडावा लागतो.

राशींची गोष्ट मात्र फसली. १९९८-९९ मध्ये मेष, वृषभ, वृश्चिक आणि मकर या राशींच्या नावांची चार अतिवेगवान जहाजे उतरवण्यात आली. सुमारे ४० नॉट, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास त्यांचा वेग होता. पण वायुटर्बाइनांची तेलाची भूक एवढी दांडगी निघाली, की काही वर्षांतच ती धक्क्याला बांधून ठेवावी लागली. शनीपेक्षा तेलाचा भाव या राशींना अधिक नडला. त्याच सुमारास कंपनी पुन्हा आपल्या मूळ पुरुषांकडे वळली : १९९९ चे ‘व्हिन्चेन्झो फ्लोरिओ’ आणि पाठोपाठचे ‘राफाएले रुबात्तिनो’. शेवटची मोठी जोडी ‘नुरागेस’ (२००४) आणि ‘शार्देन’ (२००५) यांची. पहिले नाव सार्डिनियातील प्राचीन दगडी बुरुजांचे आहे.

२०१२ साली सरकारने कंपनी विकली. घेणाऱ्या गटात ओनोरातो घराणे होते आणि काही वर्षांत संपूर्ण मालकी त्यांच्याकडे गेली. याच घराण्यातील आकिल्ले ओनोरातो यांनी १९५९ मध्ये सार्डिनियाच्या उत्तरेकडील ला मादालेना बेटांसाठी ‘नावार्मा’ ही छोटी कंपनी काढली होती, तीच आजची ‘मोबी’. निळा देवमासा ही तिची खूण, आणि आपल्या भाच्याने पाहिलेले मांजर अमेरिकन कार्टून कंपनीशी झालेल्या करारातून आलेले. बेटावर सुट्टीला जाणारी बहुतेक मंडळी मुलाबाळांसह असतात, आणि जहाज कोणते निवडायचे हे मुले ठरवतात, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. २०२३ मध्ये आलेले तिचे ‘मोबी फँटसी’ चीनमधील ग्वांगजौ येथे बांधले असून २३७ मीटर लांब आहे. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर लांबी दहा डब्यांची, पण प्रवासी २५००, म्हणजे शयनयानाच्या तीसहून अधिक डब्यांत मावतील एवढे.

प्रश्न : २००६ साली लाल समुद्रात बुडालेले जहाज मूळचे इटालियन होते, असे वाचले होते. ते तिरेनिया कंपनीचे का? आग लागलेले जहाज पाण्याने कसे बुडते?
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : होय, ते वर उल्लेखिलेले ‘बोकाच्चिओ’च. १९७० साली बांधलेल्या या जहाजावर १९९१ मध्ये प्रवाशांसाठी वरचे मजले चढवण्यात आले आणि १९९९ मध्ये ते इजिप्तच्या कंपनीला विकले गेल्यावर त्याचे नाव ‘अल सलाम बोकाच्चिओ ९८’ झाले. ३ फेब्रुवारी २००६ च्या पहाटे, सौदी अरेबियातील दुबा बंदराहून इजिप्तमधील सफागाकडे जाताना ते उलटले आणि सुमारे एक हजार माणसे मृत्युमुखी पडली.

मोटारींच्या मजल्यावर आग लागली होती. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी निचरा न झाल्याने तेथेच साचले. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी पुरवणाऱ्या टँकरच्या चालकाला विचारावे : पूर्ण भरलेला टँकर वळणावर जेवढा हेलकावत नाही, तेवढा अर्धा भरलेला हेलकावतो, कारण आतले पाणी मोकळे असते आणि टँकर ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धाव घेते. पाण्याची धाव मोडण्यासाठी टँकरच्या आत पत्रे घालतात. मोटारींच्या मजल्यावर मात्र गाड्या सहज आत-बाहेर जाव्यात म्हणून मध्ये भिंत नसते, त्यामुळे पाणी एका कुशीला धावले की जहाजही त्याच कुशीला कलते, आणि ते जेवढे कलते तेवढे आणखी पाणी तिकडे जाते.

प्रश्न : आमचे आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या इटालियन बोटीची गोष्ट सांगत. अशी बोट खरोखर होती का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : होती. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आणि लवकरच रुबात्तिनोच्या बोटी जेनोव्याहून मुंबईला येऊ लागल्या. वाटेत कोळशासाठी त्यांच्या पेढीने लाल समुद्राच्या काठी असाब येथे जागाही घेतली होती. पुढे हा मार्ग ‘लॉइड त्रिएस्तिनो’ या दुसऱ्या कंपनीकडे गेला. तिची ‘व्हिक्टोरिया’ १९३१ सालची; ती युद्धात बुडाल्यावर १९५३ मध्ये त्याच नावाची दुसरी आणि तिच्या जोडीला ‘एशिया’ अशा दोन बोटी आल्या. आपल्या आजोबांनी पाहिलेली बोट बहुधा या तिघींपैकीच एक असावी.