नोस्फेरातूमधली ती भरदुपार खरं तर रात्र आहे

१९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटातला व्हॅम्पायर काउंट ऑरलॉक भरदुपारी शवपेटी काखेत मारून गावातून चालत जातो आणि शेवटी त्याच उन्हानं मरतो, हा दिग्दर्शकाचा घोळ नाही का, असं विचारलंयस. घोळ आहेच, पण दिग्दर्शक मुर्नाऊचा नाही, तू बघितलेल्या कॉपीचा.

१९२२ सालच्या फिल्मवर रात्रीच्या अंधारात बाहेर काही उमटायचंच नाही, मग रात्रीचे सीन सरळ उन्हात शूट करायचे आणि नंतर प्रिंटचा तेवढा तुकडा रंगात बुडवायचा, रात्र निळी, घरातला दिवा पिवळा, पहाट गुलाबी. पडद्यावर निळं आलं की रात्र, हे तेव्हाच्या पब्लिकला सांगावं लागत नव्हतं. पुढे कॉपीवरून कॉपी निघाली ती ब्लॅक अँड व्हाइट, निळा रंग गेला आणि बिचारा काउंट उन्हात उघडा पडला. मी पण आधी तसलीच फुकटातली कॉपी बघून खो खो हसलो होतो.

आता मूळ प्रिंट का नाही, तर पिक्चरच चोरीचा ना! ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला कादंबरीवरून परवानगी न घेता उचललेला, नावं आणि थोडंफार काही बदलून. स्टोकरची बायको फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ ला सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम निघाला, पिक्चर काढणारी प्राना-फिल्म कंपनी तर त्याआधीच बुडाली होती. ज्या काही प्रिंट इकडेतिकडे सुटल्या त्यांच्यावर आपलं चाललंय.

आणि गंमत बघ, उन्हानं मरणं हे कादंबरीत नाहीच! १८९७ च्या पुस्तकात ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, दिवसा ताकद कमी पडते एवढंच, आणि मरतो तो सुऱ्यांनी. ऊन लागलं की व्हॅम्पायर खलास, हे या चोरट्या पिक्चरनं रूढ केलं आणि नंतरच्यांनी डोळे झाकून उचललं. (ऑरलॉक झालेल्या माक्स श्रेक या नटाचं आडनाव खरंच श्रेक होतं बरं का, जर्मनमध्ये त्याचा अर्थ दचका, भीती.)

तर २००५-०६ च्या सुमाराला मुर्नाऊच्या नावाच्या जर्मन फाउंडेशननं रिस्टोअर केलेली कॉपी शोध, त्यातले रंग एका जुन्या फ्रेंच रंगीत प्रिंटवरून घेतलेत. आधी तो शवपेटीचा सीन लाव, मग थेट शेवट, कोंबडा आरवतो आणि ऑरलॉक मान वर करतो तिथला.