लिनक्स मधूनच गोठतं. हलका डेस्कटॉप टाकला तर थांबेल का? आणि लिनक्स डेस्कटॉपमध्ये तुम्हाला काय हवं आहे?

८ जीबी रॅम, एसएसडी, 'लिनक्स हलकं असतं' असं ऐकून टाकलं आणि आता दिवसातून एकदोनदा सगळं गोठतं, म्हणून ग्नोम हा डेस्कटॉप (खिडक्या, मेनू, पट्ट्या दाखवणारा भाग) काढून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

टाका, पण त्याने गोठणं थांबेल या भरवशावर राहू नका. नुसता डेस्कटॉप उघडून मोजलं तर या दोघांत काही शे एमबींचा फरक निघतो. तेवढी रॅम ब्राउझर चार-पाच टॅबमध्ये गिळतो. मी याच नादात चार डेस्कटॉप पालथे घातले. नवा डेस्कटॉप पहिले आठ दिवस पळतो, कारण तोवर आपण त्याच्यावर पसारा मांडलेला नसतो.

तुमचं गोठणं बहुधा असं असणार: माऊसचा बाण आधी उड्या मारत सरकतो, मग जागीच बसतो. गाणं चालू असेल तर एकाच सुरावर घरघरत राहतं. डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. मी अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जायचो, लॉगिनचं नाव टाइप करायचो, आणि पासवर्ड विचारायच्या आतच '६० सेकंद संपले' म्हणून तो मलाच हाकलायचा. शेवटी पॉवरचं बटण.

यात डेस्कटॉपचा दोष थोडा, कर्नलचा, म्हणजे रॅम वाटणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याचा, जास्त. रॅम भरत आली की कर्नल चालू प्रोग्रामांच्या कोडची पानं टाकून देतो. ती डिस्कवर आहेतच, लागली की पुन्हा वाचू, असा त्याचा हिशोब. पण लागतात ती लगेचच. टाकायचं, वाचायचं, परत टाकायचं, यातच सगळा वेळ जातो. थोडी थोडी जागा मोकळी होतेय असं कर्नलला दिसत राहतं, त्यामुळे रॅम खाणाऱ्या प्रोग्रामला मारणारा ओओएम किलर वेळेवर येतच नाही.

उपाय दोन. झेडरॅम चालू करा, म्हणजे रॅममध्येच दाबून बसवलेली स्वॅप (रॅम भरली की वापरायची जादा जागा). फेडोरा या लिनक्समध्ये ती ३३व्या आवृत्तीपासून आपोआप मिळते. आणि जोडीला अर्लीओओएम किंवा सिस्टिमडी-ओओएमडी ठेवा, हे कर्नलच्या आधीच रॅम खाणारा प्रोग्राम मारतात. सिस्टिमडी-ओओएमडी उबुंटू २२.०४ मध्ये आपोआप आला तेव्हा चांगला चाललेला ब्राउझर न सांगता मारतो म्हणून बऱ्याच लोकांनी बोंब मारली होती. बोंब रास्त होती, पण मला एक खिडकी गेलेली परवडते, अख्खं मशीन गेलेलं नाही.

आता काय हवं आहे त्याकडे येतो, कारण माझी पहिली मागणी इथेच आहे. हे सगळं घडत असताना डेस्कटॉप तोंड उघडत नाही. कर्नल ४.२० पासून रॅमची ओढाताण किती चालली आहे याचा आकडा तयार मिळतो. तो बघून 'हा टॅब ३ जीबी खातोय, बंद करू का?' असं गोठायच्या अर्धा मिनिट आधी विचारायला काय हरकत आहे?

पेनड्राइव्हचंही तेच. १ जीबीची फाइल टाकली, पट्टी झरझर शंभरपर्यंत गेली, आणि इजेक्ट दाबल्यावर तीन मिनिटं चाक फिरतंय. कारण फाइल आधी रॅममध्ये जाते आणि पट्टी तेवढंच मोजते. मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साचू शकतो. 'डर्टी बाइट्स'ची मर्यादा ६४ एमबीच्या आसपास बांधली की पट्टी खरं बोलायला लागते. पण हे सिसकंट्रोलमध्ये (sysctl, कर्नलची सेटिंग्ज बदलायची कमांड) शिरून मी का करायचं?

ॲनिमेशन अडखळतं ती गोष्ट वेगळी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. काम किरकोळ दिसलं की ग्राफिक्स चिप आपला वेग वाढवतच नाही आणि फ्रेम हुकते. यावरचं ट्रिपल बफरिंग (पुढची फ्रेम आधीच तयार ठेवायची युक्ती) वर्षानुवर्षं रेंगाळून २०२५ च्या मार्चमध्ये ग्नोम ४८ मध्ये आलं. तुमची आवृत्ती जुनी असेल तर इथे अपडेटने फरक पडेल.

आणि एक जुनं दुखणं: मशीन पुन्हा चालू केलं की सगळ्या खिडक्या होत्या तिथे परत हव्यात. वेलँडमध्ये, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेत, आपली खिडकी पडद्यावर कुठे ठेवायची हे प्रोग्रामला ठरवताच येत नाही, म्हणून हे साधं काम अडून बसलंय. १९८७ च्या एक्स११ या जुन्या व्यवस्थेत ते जमायचं, पण तिथे कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळाही वाचू शकतो. त्यामुळे मी काही मागे जाणार नाही. रोज सकाळी खिडक्या हाताने लावतो आणि चरफडतो.

काहीही बदलायच्या आधी एक करा. मशीन जड व्हायला लागलं की टर्मिनलमध्ये फ्री कमांड चालवा आणि 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना बघा. तिथे दोन-तीन जीबी शिल्लक असताना गोठत असेल तर माझं वरचं निदान चुकलं. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर तपासावा लागेल.