खंडणी, वर्गणी की पट्टी? न्यू गिनीच्या खर्चासाठी नेमका शब्द

एका अभ्यासकाने अनुवाद करताना पुढील वाक्य लिहिले आहे: ‘ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी न्यू गिनी या संरक्षित राज्याच्या कारभारासाठी ब्रिटिश सरकारला दरवर्षी पंधरा हजार पौंड खंडणी दिली.’ येथे ‘खंडणी’ हा शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास कोणता वापरावा, असा त्यांचा प्रश्न आहे. माझ्या मते या वाक्यातील दोन शब्द बदलायला हवेत. ‘खंडणी’ तर बदलावीच, पण विचारणाऱ्यांना ज्याविषयी शंका आली नाही ते ‘संरक्षित राज्य’ही बदलावे.

आधी मूळ प्रकरण थोडक्यात पाहू. न्यू गिनी हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे मोठे बेट. ४ एप्रिल १८८३ रोजी क्वीन्सलँड या ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतीचे पंतप्रधान थॉमस मॅकिलरेथ यांच्या आदेशावरून हेन्री चेस्टर या दंडाधिकाऱ्याने तेथील पोर्ट मोर्सबी येथे निशाण लावून बेटाचा पूर्व भाग ब्रिटिश राणीच्या नावाने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. बेटाच्या पश्चिम भागावर डचांचा हक्क होता. उरलेल्या भागावर जर्मनीचा डोळा आहे अशी धास्ती ऑस्ट्रेलियातील वसाहतींना वाटत होती. लंडनच्या वसाहत खात्याचे मंत्री लॉर्ड डर्बी यांनी मात्र ही घोषणा मान्य केली नाही. वसाहतींनी तगादा सोडला नाही, तेव्हा मे १८८४ मध्ये डर्बी यांनी कळवले की वसाहती वर्षाला १५,००० पौंडांची हमी देणार असतील तर तेथे अधिकारी नेमण्याचा विचार करता येईल. वसाहतींनी ते कबूल केले आणि ६ नोव्हेंबर १८८४ रोजी कमोडोर जेम्स अर्स्किन यांनी पोर्ट मोर्सबीला संरक्षणाची घोषणा वाचून दाखवली. संरक्षण मिळाले ते फक्त दक्षिण किनाऱ्याला आणि लगतच्या बेटांना. ईशान्येकडचा भाग त्याच महिन्यात जर्मनीने घेतला. ज्या भीतीपोटी पैसे देऊ केले होते तीच खरी ठरल्यावर वसाहतींमध्ये, विशेषतः व्हिक्टोरियात आणि क्वीन्सलँडमध्ये, लंडनविरुद्ध किती संताप उसळला असेल याची कल्पना करता येते.

मराठीत पैशाच्या देण्याघेण्याला जे शब्द आहेत त्यांत केवळ रक्कम नसते. कोण कोणाला आणि कोणत्या नात्याने देतो, हेही त्यांत असते. ‘खंडणी’ दुबळ्याकडून बलवानाकडे जाते, ती आक्रमण टळावे म्हणून किंवा मांडलिकत्वाची खूण म्हणून. शिवाय आजच्या वाचकाच्या मनात हा शब्द पोलीस ठाण्यातील गुन्ह्याशी जोडला गेला आहे. क्वीन्सलँड काही लंडनच्या हल्ल्याला भिऊन पैसे देत नव्हते. उलट, लंडनने एक काम अंगावर घ्यावे म्हणून देत होते. ‘चौथाई’ हा शब्द तर इथे मुळीच चालणार नाही, कारण तो ज्या मुलखाचे रक्षण व्हायचे त्याच्याच वसुलातून घेतला जाणारा ठरावीक हिस्सा आहे.

‘तैनाती’ हा शब्द मात्र क्षणभर मोह पाडतो. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची किमान सहा हजारांची पायदळ फौज पदरी ठेवण्याचे मान्य केले आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. तिथेही संरक्षण होते आणि संरक्षणाचा खर्चही होता. परंतु तैनातीत ज्याचे रक्षण व्हायचे तोच पैसे भरतो. न्यू गिनीत रक्षण मोटू आणि इतर पापुअन लोकांचे, निशाण लंडनचे आणि पैसा मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेनचा अशी तिघांची वाटणी होती. या तिढ्याला पेशवाईच्या दप्तरातून तयार शब्द मिळणार नाही.

उरतात ‘अनुदान’, ‘अंशदान’, ‘वर्गणी’ आणि ‘पट्टी’. अनुदान वरून खाली येते. सरकार शाळेला देते, शाळा सरकारला देत नाही. वसाहती लंडनला अनुदान देत होत्या असे म्हटले तर नाते उलटे होते. ‘अंशदान’ अर्थाने बरोबर आहे, पण भविष्य निर्वाह निधीच्या कागदांमुळे त्याला कचेरीचा इतका वास लागला आहे की भांडणाचा ताप त्यातून जाणवत नाही. मी ‘वर्गणी’ निवडेन. अनेकांनी एका कामासाठी आपापल्या वाट्याने पैसे देणे, आणि त्या वाट्यावरून कुरकुर होणे, हे दोन्ही या शब्दात आहे. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला गेलेल्याला ‘गेल्या वर्षी मांडव आमच्या गल्लीत आलाच नाही’ हे उत्तर ऐकावे लागते. न्यू गिनीपासून दूर असलेल्या वसाहतींची तक्रार याच जातीची होती. जवळच्या क्वीन्सलँडला टॉरेस सामुद्रधुनीपलीकडचा शेजारी कोण, याची जेवढी चिंता, तेवढी सर्वांना नव्हती. पुढे हमी देणाऱ्या तीनच वसाहती उरल्या: क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया.

‘पट्टी’चाही उपयोग आहे. वर्गणी स्वखुशीने काढतात, पट्टी बसवतात. लंडनच्या खलित्याचा आशय सांगताना ‘वर्गणी’ लिहावे, आणि एखाद्या वसाहतीच्या विधिमंडळातील विरोधकाचे म्हणणे देताना ‘आमच्यावर पट्टी बसवली’ असे लिहावे. त्याच रकमेकडे पाहण्याच्या दोन नजरा त्यातून आपोआप दिसतील. लंडनचा मुद्दा असा की लाभ वसाहतींचा, म्हणून खर्चही त्यांचा. वसाहतींचा मुद्दा असा की साम्राज्याच्या परराष्ट्र धोरणाची किंमत आम्ही का मोजावी.

‘बोजा’ किंवा ‘भुर्दंड’ मात्र इथे सरसकट नको. तो शब्द अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील एडन बंदरासाठी राखून ठेवावा. १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने एडन घेतले, १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबईशी जोडलेला होता आणि त्याच्या खर्चाचा भार भारताच्या तिजोरीवर पडत असे. लंडनने किती द्यायचे आणि भारताने किती, या वाटणीसाठी वेल्बी आयोग नेमला गेला आणि १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. पण ज्यांच्या खिशातून पैसा जात होता त्या भारतीय करदात्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. व्हिक्टोरियाच्या निवडून आलेल्या विधिमंडळाला तो होता. नकार देता येत नाही तिथे वर्गणी हा शब्द लबाडीचा ठरतो.

आता ‘संरक्षित राज्य’. बडोद्यासारख्या संस्थानाला हा शब्द शोभतो, कारण तिथे राजा, दरबार आणि महसूल होता. पोर्ट मोर्सबीच्या किनाऱ्यावर गावे होती, कुळे होती, पण सगळ्यांच्या वतीने तह करील असा राजा नव्हता. अर्स्किन यांनी बोई वागी नावाच्या एका प्रमुखाला, राणीचा मुखवटा असलेले नाणे मुठीवर बसवलेली काठी देऊन जणू राज्यकर्ता तिथेच घडवला. पहिले विशेष आयुक्त सर पीटर स्क्रॅचली यांना कायदे करण्याचा अधिकारही धड नव्हता. भाड्याच्या आगबोटीतून किनारा पाहत फिरताना त्यांना ताप आला आणि डिसेंबर १८८५ मध्ये ते वारले. अशा जागेला ‘संरक्षित प्रदेश’ किंवा जुन्या वळणाने ‘रक्षित मुलूख’ म्हणावे.

तेव्हा वाक्य असे होईल: ‘न्यू गिनी या संरक्षित प्रदेशाच्या कारभारासाठी ऑस्ट्रेलियातील वसाहतींनी दरवर्षी पंधरा हजार पौंड वर्गणीची हमी दिली.’ मूळ वाक्यातील ‘ब्रिटिश सरकारला’ मी गाळले आहे, कारण पैसा लंडनच्या खजिन्यासाठी नव्हता, त्या प्रदेशाच्या कारभारासाठी होता. सप्टेंबर १८८८ मध्ये ब्रिटनने तो प्रदेश रीतसर खालसा केल्यावर मात्र ‘संरक्षित’ हे विशेषण काढावे. ‘हमी’ ठेवावी, कारण तीन वसाहतींनी ती दहा वर्षांसाठी दिली होती. लेख १९०१ च्या पुढे जात असेल तर ‘वर्गणी’ही सोडावी लागेल. वसाहतींचे संघराज्य झाले, त्याच्या संसदेने वर्षाला २०,००० पौंड देण्याचे मान्य केले आणि १९०६ मध्ये तो प्रदेश ‘पापुआ’ या नावाने ऑस्ट्रेलियाच्या सत्तेखाली आला. तेव्हापासून पैसा मालकाकडून त्याच्याच मुलखाकडे जाऊ लागला, म्हणजे तिथे ‘अनुदान’ लिहिणेच बरोबर.