प्रत्येक अंतरासाठी रायफल नव्याने झीरो करावी लागते का?

नाही. झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट (नेम धरायचं साधन) लावणं, एकदाच करायचा, पण तो पक्का हवा. त्यानंतर प्रत्येक अंतराला साइट किती चढवायची, ते वहीत लिहीत जायचं.

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी इंग्लंडला आल्यावर क्लबात नाव घातलंत, क्लबाने .308 ची (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात) टार्गेट रायफल दिली, डोळ्याशी भोकाची साइट आणि पुढे रिंग आहे. 100 यार्डांवर गोळ्या मधोमध लागतात आणि पुढच्या महिन्यात बिस्लीच्या रेंजवर 300, 600 आणि 900 यार्डांवर उतरायचंय. मी याच प्रकारात, याच रेंजवर नेमबाजी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा प्रश्न आपल्याकडून आलेल्या नेमबाजाला पडणारच. आपण शिकतो ते 10 मीटर एअर रायफलवर, फार तर 50 मीटरवर. स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं तेही 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये. तिथे वारा त्रास देतो, पण अंतर जागचं हलत नाही. इथली गोष्ट उलटी. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा 1860 मध्ये विम्बल्डनला झाली, 1890 पासून ती बिस्लीला होते, आणि तिची रचनाच अंतर बदलत जाण्यावर उभी आहे. तिथल्या मुख्य किंग्ज प्राइझच्या पहिल्या फेऱ्या 300, 500 आणि 600 यार्डांवर बिस्लीच्याच सेंचुरी रेंजवर होतात, अंतिम फेरी 900 आणि 1000 यार्डांवर स्टिकलडाउन रेंजवर. एकाच दिवसात दोन-तीन अंतरांवर जायचं असेल तर दर वेळी चाचपडत बसायला गोळ्याही नसतात आणि वेळही नसतो.

आधी मापाचं. साइटवर जे मिनिट आहे ते कोनाचं मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 यार्डांवर त्याचे 1.047 इंच होतात. व्यवहारात एक इंच धरा. मग 600 वर सहा इंच, 900 वर नऊ. 600 वर गोळी बारा इंच खाली लागली तर दोन मिनिटं वर जायचं, आणि क्लिक (साइटच्या बटणाचा एक टप्पा) पाव मिनिटाची असेल तर आठ क्लिक. मागची साइट ज्या दिशेला हलवाल त्याच दिशेला गोळी सरकते. इंच डोक्यात ठेवू नका, मिनिटांतच विचार करायची सवय लावा.

एक गोष्ट मात्र गृहीत धरू नका: क्लिक खरोखर पाव मिनिटाची आहे ही. भोकाच्या साइटमध्ये एका क्लिकचा कोन मागच्या आणि पुढच्या साइटमधल्या अंतरावर ठरतो. बॅरल लांब असेल किंवा पुढची साइट आणखी पुढे बसवलेली असेल तर तीच क्लिक लहान पडते. म्हणून वारा नसेल तेव्हा 100 यार्डांवर एक उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने सरळ उभी रेघ मारा आणि खालच्या खुणेवर पाच गोळ्या घाला. मग साइट 30 मिनिटं चढवा, नेम त्याच खालच्या खुणेवर धरा आणि पुन्हा पाच गोळ्या घाला. दोन्ही ग्रुपच्या (पाच-पाच गोळ्यांच्या पुंजक्यांच्या) मध्यांमधलं अंतर 31.4 इंच आलं तर साइट खरं बोलते. 30 इंचच आलं तर तुमचं मिनिट लहान आहे आणि पुढचे सगळे आकडे त्या हिशेबाने बदलतील. वरचा ग्रुप रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला गेला असेल तर एक तर साइट तिरकी बसली आहे किंवा तुम्ही रायफल कलती धरताय. लांबच्या अंतरासाठी साइट इतकी चढवलेली असते की दोन अंशांच्या कलानेही गोळी एखादं मिनिट बाजूला जाते. 900 वर ते नऊ इंच झाले. तिथे तुम्ही वाऱ्याला दोष द्याल, आणि वारा बिचारा निर्दोष असेल. क्लबातले बरेच जण ही तपासणी करत नाहीत. माझ्या मते पूर्ण तयारीत हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

आता झीरो. तुम्ही तो 100 यार्डांवर केलाय, सुरुवातीला ठीक आहे, पण शक्य झालं तर 300 वर पक्का करा. 100 वरची अर्ध्या इंचाची चूक डोळ्याला दिसतही नाही, 900 वर तीच साडेचार इंच होते. एका गोळीवरून साइट हलवू नका. किमान पाच, जमल्यास दहा गोळ्यांचा ग्रुप घ्या, त्याचा मध्य काढा आणि तो मध्य हलवा. स्वच्छ केलेल्या बॅरलची पहिली गोळी अनेकदा वेगळ्या जागी जाते, ती हिशेबात धरू नका.

झीरो करताना उंची आणि वारा यांची सरमिसळ होऊ देऊ नका. रेंजवरचे वारा दाखवणारे झेंडे काठीला चिकटलेले असतील अशा सकाळी आडवा झीरो करा आणि वाऱ्याची पट्टी (साइटवरची डावी-उजवी मोजपट्टी) त्या जागी शून्यावर आणून घट्ट करा. पुढे वाऱ्यासाठी जे काही फिरवाल ते या शून्यापासून मोजायचं, आणि डाव संपला की साइट शून्यावर परत. वाऱ्यात झीरो केलेली रायफल पुढचे सगळे दिवस त्या एका दिवसाचा वारा सोबत घेऊन फिरते.

अंतरानुसार चढवण्याचे आकडे. 155 ग्रेनची (सुमारे 10 ग्रॅम वजनाची) गोळी आणि सेकंदाला 2900 ते 2950 फूट वेग धरला तर 300 वरून 500 वर जाताना साधारण साडेपाच मिनिटं चढवावी लागतात, 500 वरून 600 ला साडेतीन, 600 वरून 900 ला साडेअकरा-बारा, आणि 900 वरून 1000 ला साडेचार ते पाच. पहिली गोळी कागदावर पडावी एवढ्याचसाठी हे आकडे वापरा. तुमची बॅरल, तुमची गोळी आणि त्या दिवसाची हवा मिळून खरे आकडे देतील. वेगातल्या 30 फुटांच्या फरकानेसुद्धा 1000 यार्डांवर गोळी पाऊण मिनिट वर-खाली होते. म्हणूनच गोळ्यांचा लॉट बदलला की वहीत नवं पान सुरू करायचं.

मीटर आणि यार्ड यांचा गोंधळ आपल्या लोकांकडून हमखास होतो, कारण आपण मीटरमध्ये वाढलो. 1000 यार्ड म्हणजे 914 मीटर. इंटरनेटवरून 1000 मीटरचा आकडा उचलून 1000 यार्डांवर लावलात तर गोळी चार-पाच फूट वरून जाईल आणि ती कुठे गेली हे कोणालाच कळणार नाही. तसंच दुर्बिणीच्या साइटबद्दल वाचताना ती मिनिटांत आहे की मिलमध्ये ते पाहा. एक मिल म्हणजे जवळपास 3.44 मिनिटं.

वारा हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा. ताशी 10 मैलांचा अगदी आडवा वारा असेल तर 300 यार्डांवर सुमारे दोन मिनिटं लागतात, म्हणजे सहा-सात इंच. 600 वर साडेचार-पाच मिनिटं. 1000 वर नऊ-दहा, म्हणजे आठ फुटांच्या आसपास. अंतर तिप्पट झालं की सरकणं तिपटीवर थांबत नाही, कारण गोळीचा वेग वाटेत मरत जातो आणि वाऱ्याला जास्त वेळ मिळतो. तुमच्या बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ उजवा असेल तर 900-1000 वर वारा नसतानाही गोळी स्वतःच्या फिरण्यामुळे थोडी उजवीकडे जाते. 300 वरचा आडवा शून्य तिथे तंतोतंत लागू पडला नाही तर घाबरून साइटची पट्टी सोडवू नका. तेवढा फरक त्या अंतराच्या पानावर लिहा.

उजेडाकडेही लक्ष असू द्या. भोकाच्या साइटमधून ऊन आणि ढग यांत काळा गोल वेगळा दिसतो आणि अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. म्हणून वहीत तारीख, अंतर, गोळ्यांचा लॉट, तापमान, उजेड, झेंड्यांची स्थिती, साइटवरचा आकडा आणि गोळी कुठे लागली एवढं तरी हवंच. गोळी सुटली त्या क्षणी नेम कुठे होता हेही शेजारी लिहा. नेमच डावीकडे असताना लागलेल्या गोळीवरून साइट फिरवायची नसते.

पुढच्या महिन्यासाठी सांगते. 300 वर ग्रुप नीट बसला की तो आकडा लिहा, त्यात नऊ मिनिटं मिळवून 600 ला जा. तिथे जो आकडा खरा ठरेल त्यात साडेअकरा मिळवून 900 ला. दोन साइटर, म्हणजे साइट जुळवण्यासाठीच्या गोळ्या, मिळतात, आणि चांगले पडले तर ते गुणांत धरता येतात. पहिला साइटर मारल्यावर टार्गेट खाली जाऊन, गोळी लागली तिथे खुणेची चकती लागून वर येईपर्यंत साइटला हात लावू नका, तेवढ्या वेळात झेंडे पाहा. पहिली गोळी बुलच्या (मधल्या गोलाच्या) बाहेर असेल तर उंचीची पूर्ण दुरुस्ती करा, वाऱ्याची मात्र झेंडे अजून तसेच असतील तरच. टार्गेट वर आलं आणि चकतीच दिसली नाही, तर अंदाजाने दुसरी गोळी सोडू नका. रेंज ऑफिसरला सांगा, साइटवरचा आकडा वहीशी पुन्हा ताडून पाहा, आणि आपण शेजाऱ्याच्या टार्गेटवर तर नेम धरला नव्हता ना, ते टार्गेटचा नंबर वाचून आधी तपासा.