पाणी नको तिथे शिरतं कसं? बोट, ट्रेलर आणि बास : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या वाचकांची आहेत, एक मालवणचं आहे. शेवटचा, बास माशाचा प्रश्न सोडला तर तक्रारीचं मूळ बहुतेक ठिकाणी पाणीच आहे.

प्रश्न : वापरलेली १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट घेतली. लेक फोर्क तळ्यावर जाताना डाव्या चाकाचं हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) हात लावता येणार नाही इतकं तापलं. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं आहे. हबवर स्प्रिंगची टोपी आहे आणि मी दर खेपेला तिच्यात ग्रीस भरतो. तरी असं का झालं? (प्लेनो, टेक्सास)

दर खेपेला भरता म्हणूनच झालं. त्या टोपीतला पिस्टन आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवतो, तेवढंच तिचं काम. पिस्टनची कड अंगठ्याने दाबून पाहा. ती हलली तर ग्रीस पुरेसं आहे, गनला हात लावू नका. वर आणखी भरलं की जादा ग्रीस मागचं सील ढकलून चाकाकडे बाहेर पडतं. ग्रीस जिथून बाहेर आलं तिथूनच पाणी आत जातं. तासभर पळून आलेलं गरम हब थंड तळ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) पोचल्यावर ट्रेलर लगेच पाण्यात घालू नये. दहा-पंधरा मिनिटं सामान लावण्यात घालवावीत.

तुमचं सील गेलेलंच आहे, त्यामुळे आता हब उघडायला हवं. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा आणि चाकाचे नट जॅक चढवण्याआधी सैल करा. जॅकवर विसंबू नका, ॲक्सलखाली स्टँड घाला. टोपी दोन्हीकडून आळीपाळीने ठोकत सैल करा. मग कॉटर पिन, नट, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग काढलं की हब हातात येतं. मागचं सील उचकटून फेकून द्या, ते परत बसवत नाहीत. बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा आणि उजेडात फिरवून पाहा. रोलरवर निळसर झाक म्हणजे ते तापलं होतं, खड्डे म्हणजे गंज लागला होता. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर बेअरिंग बदला आणि त्याच्या जोडीची हबमधली रेसही (बेअरिंग जिच्यात फिरतं ती कडी) बदला. जुन्या रेसवर नवं बेअरिंग घातलं तर तेही लवकरच जातं.

नंबर अंदाजाने आणू नका. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलवर बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ असतं, पण हलक्या बोटींच्या ट्रेलरवर दोन्हीकडे एल ४४६४९ सापडतं. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा, तो पुसला असेल तर स्पिंडल (हब ज्यावर फिरतं ते ॲक्सलचं टोक) कॅलिपरने मोजा. सील जिथे घासतं तिथे स्पिंडलवर नख फिरवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवं सीलही गळेल.

ग्रीस तळहातावर घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा. रोलरांमधून वरच्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत दाबायचं, मग थोडं फिरवून पुन्हा. नुसतं बाहेरून फासलेलं ग्रीस उपयोगाचं नाही. लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ दर्जाचं (हा घट्टपणाचा आकडा) मरीन ग्रीस घ्या. आधीचं कुठलं होतं ते माहीत नसेल तर हब आतून पूर्ण पुसून घ्या, कारण पॉलियुरिया जातीच्या ग्रीसमध्ये लिथियम मिसळलं की ते पातळ होऊन वाहू शकतं.

बरेचजण चुकतात ते नट आवळताना. हब हाताने फिरवत नट पान्याने आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा आणि आता फक्त बोटांनी, लागेल तेवढाच घट्ट करा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल बाजूला सरकवा, घट्ट बाजूला नको. कॉटर पिन नवीच घाला. चाक वर-खाली धरून हलवलं तर किंचित, जेमतेम जाणवेल इतकं हललं पाहिजे. अजिबात हलत नसेल तर पुन्हा तापणार. अर्धा इंची स्टड असतील तर चाकाचे नट साधारण ९० ते १२० फूट-पौंडांनी, समोरासमोरचे जोडीने आवळा आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

पहिल्या प्रवासात १५-२० मैलांवर थांबून दोन्ही हब हाताने पाहा. कोमट चालेल. एक कोमट आणि दुसरं चटका देणारं, हे चालणार नाही. बोटीत ग्रीस भरून तयार ठेवलेलं एक सुटं हब, वॉशर, पिन आणि चार नट असू द्या. हायवेच्या कडेला बेअरिंग धुत बसण्यापेक्षा अख्खं हब बदलणं कधीही परवडतं. हात काळे झालेच आहेत तर टायरवरचा डॉट कोडही (टायर कधी बनला ते सांगणारा क्रमांक) वाचून घ्या : शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनी नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदलावेत.

प्रश्न : ट्रेलरवर बोट टेकते त्या लाकडी फळ्या कुजल्या आहेत. दुकानदार प्रेशर-ट्रीटेड लाकूड घ्या म्हणतो. बोट ॲल्युमिनियमची आहे. (केरी, नॉर्थ कॅरोलिना)

फायबरग्लासची बोट असती तर बेलाशक घ्या म्हटलं असतं. हल्लीच्या ट्रीटेड लाकडात तांब्याचे क्षार असतात. कार्पेट ओलं राहिलं की ते ॲल्युमिनियमला खातात आणि तळाला बारीक खड्डे पडतात. साधं डग्लस फर घ्या, मरीन रंगाचे दोन हात द्या, कापलेल्या टोकांना तीन. कार्पेट स्टेनलेस स्टेपलने, फळीच्या खालच्या बाजूने ठोका. साधे स्टेपल एका हंगामात गंजतात.

प्रश्न : डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे दोन्ही मागचे दिवे मंद लुकलुकतात. बल्ब बदलले, फरक नाही. (अल्फारेटा, जॉर्जिया)

बल्बचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. चार पिनांच्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. पांढरीला परतीची वाट मिळाली नाही की वीज दुसऱ्या बल्बमधून वाट काढते, म्हणून दोन्ही दिवे एकदम लुकलुकतात. खात्री करायची तर प्लगजवळच्या पांढऱ्या वायरीपासून एक सुटी वायर थेट दिव्याच्या अर्थपर्यंत न्या. दिवा ठीक लागला तर दुखणं सापडलं. बहुतेकदा ती वायर गंजलेल्या स्क्रूने रंगावरच बसवलेली असते. फ्रेमवर न विसंबता प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढा आणि जोड हीट-श्रिंकचे करा. रॅम्पवर मागे घेताना प्लग काढायची सवय लावा. गरम बल्ब थंड पाण्यात तडकतात.

प्रश्न : हंगाम संपल्यावर आउटबोर्डचं गिअर ऑइल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. (मिनेसोटा)

गिअरकेसमध्ये पाणी आहे. पंखा उतरवून शाफ्टवर पाहा, तिथे गळाचा दोरा गुंडाळलेला सापडण्याची दाट शक्यता आहे. नायलॉन, फ्लोरोकार्बन, ब्रेड (विणलेला), सगळेच दोरे सीलची कड कापतात. दोरा नुसता काढून भागत नाही, सील बदलावं लागतं. त्याआधी गिअरकेसच्या वरच्या-खालच्या, ऑइल भरायच्या-काढायच्या दोन्ही स्क्रूंचे वॉशर पाहा. ते दर वेळी नवे घालायचे असतात, आणि स्वस्तातला उपाय आधी तपासावा. दुरुस्तीनंतर मेकॅनिककडून हवेच्या दाबाची चाचणी करून घ्या.

ऑइल भरताना खालच्या भोकातून पंपाने भरायचं आणि वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि केस अर्धीच भरते. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा नेहमीचा आहे. तुकडे दिसले तर गिअर गेले. हे काम तुमच्याकडे ऑक्टोबरातच करायचं असतं. आत राहिलेलं पाणी गोठलं की केसच तडकते, आणि ते एप्रिलमध्ये कळून काही उपयोग नाही. मोटर उभी ठेवूनच हिवाळा काढा.

प्रश्न : आमच्या फायबर होडीला दोन स्ट्रोकचं आउटबोर्ड आहे. पावसाळ्यात टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल राहिलं. आता इंजिन चालू होऊन बंद पडतं. इथेनॉलमुळे असेल का? (मालवण)

बहुतेक तेच. पंपावर आता सर्रास २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. अमेरिकेत तर १५ टक्क्यांचं पेट्रोल बोटीत घालायला कायद्यानेच बंदी आहे. इथेनॉल हवेतली ओल पितं. ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात आणि टाकीचा पाइप नेमका तळातूनच ओढतो. दोन स्ट्रोकला यातला खरा धोका वेगळा आहे : मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. म्हणजे इंजिनाला मिळतो तो बिनतेलाचा थर. त्यावर ते चाललंच तर पिस्टन जाम व्हायची भीती, म्हणून दोरी ओढत बसू नका.

टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. दोन थरांमधली रेघ दिसली तर सगळं टाकून द्या, हलवून पुन्हा एकजीव होत नाही. स्कूटरमध्येही घालू नका. टाकी पुसा, कार्ब्युरेटरचा तळातला स्क्रू काढून वाटी रिकामी करा, जेट साफ करा. रबरी नळी चिकट किंवा फुगलेली असेल तर इथेनॉल चालणारी नळी आणि नवा हातपंप घ्या. टाकी आणि इंजिनामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. पुढच्या वर्षी होडी वर काढायच्या दिवशी गोड्या पाण्याने दहा मिनिटं इंजिन धुताना पेट्रोलची नळी सोडा आणि ते आपोआप बंद पडू द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लेक फोर्कवर सकाळी दोन-तीन बास लागतात, नऊनंतर काही नाही. आणि घरी न्यायचा तर कुठला मासा चालतो? (ह्यूस्टन)

नऊनंतर किनारा सोडा. उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. खालच्या थंड थरात प्राणवायू इतका कमी असतो की मासा तिथे थांबत नाही. सोनारची (मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवली की ही सीमा धूसर आडव्या पट्ट्यासारखी दिसते. तिच्या वरच, पण जमिनीला टेकलेली जागा शोधा : पाण्यात घुसलेल्या सोंडा, जुन्या ओढ्याच्या कडा, १५ ते २५ फुटांवर. तिथे कॅरोलिना रिग लावा. पाऊण औंसाचं शिसं, मणी, स्विव्हल (फिरती कडी), मग तीन फूट लीडर (गळापर्यंतचा दोरा) आणि मोठा प्लॅस्टिकचा किडा. गळ उचलायचा नाही, काठी आडवी नेत तळावरून ओढायचा. शिसं खडकावर टकटक करत असतं आणि अचानक काहीच जाणवेनासं होतं, तो बहुतेकदा मासाच असतो.

घरी नेण्याचं म्हणाल तर लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला लार्जमाउथ बास तिथेच सोडावा लागतो. दिवसाला पाच, त्यात २४ इंच किंवा त्याहून मोठा एकच. निघण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफची चालू वर्षाची नियमावली पाहून घ्या. खायला लहानच चांगले. मोठा मासा जबड्याला लोंबकळवून फोटो काढू नये. हात ओले करून पोटाखाली आधार द्या.

परतताना लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी), बिल्ज (बोटीचा तळ, जिथे पाणी साचतं), आमिषाची बादली सगळं रॅम्पवरच रिकामं करा. टेक्सासमध्ये ही सक्ती आहे, कारण २००९ साली लेक टेक्सोमात सापडलेले झेब्रा शिंपले अशा साचलेल्या पाण्यातूनच तळ्या-तळ्यांत पसरतात. तळाचा प्लग उघडाच ठेवून घरी या आणि काढलेला प्लग मोटरच्या किल्लीला अडकवा, म्हणजे पुढच्या खेपेला तो न लावता बोट पाण्यात जाणार नाही.