सल काढा, पण लेप तयार ठेवूनच

भाऊ, घरामागच्या संत्र्यांचे शेंडे वाळले आहेत, झाडांवर आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या बहाराची) फुलं आहेत आणि शेजारी म्हणतो की होळीआधी झाडं निम्म्यावर छाटा, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि आमची नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडची वाडी आठवली. मी कृषी पदवीधर नाही, तेव्हा माझ्या म्हणण्याला जाणकाराची जोड घ्या. पण शेजाऱ्याचं ऐकू नका. संत्रा पानं गाळणारं झाड नाही, त्याचं अन्न पानांत आणि फांद्यांतच असतं. आता निम्मं छाटलं तर बहार जाईल आणि मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन थेट खोडावर पडून साल भाजेल.

सध्या फक्त सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढा. वाळलेल्या फांदीसोबत हिरवा भाग दोनेक सेंटिमीटर येऊ द्या, कारण बुरशी वाळलेल्या भागाच्या थोडी पुढे गेलेली असते. आणि जेवढ्या कापांना त्याच दिवशी बोर्डो लेप (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचा) लावून होईल तेवढीच सल त्या दिवशी काढा. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

आमच्याकडे सल काढून झाली होती. मोरचूद बाजारात मिळत होता. पण एका कार्यालयातून निरोप आला की योजनेतून मोरचूद-चुन्याचा संच येतोय, बाहेरून घेतलेल्या मालाचं बिल धरणार नाही, थांबा. वडील थांबले. आधी साठा नव्हता, मग साठा आला तर यादी मंजूर नव्हती, मग सहीवाल्या साहेबांची बदली झाली. तोवर उघड्या कापांतून वाळण खाली सरकत गेली, शेंड्यावरून फांदीत आणि फांदीतून खोडात. संच हाती पडला तेव्हा चुना हवा लागून भुगा झालेला होता आणि वडिलांच्या हातची कितीतरी झाडं सरपणात गेली होती. त्या सगळ्या काळात एकही माणूस झाड बघायला बांधावर आला नाही. याचा राग आजही आहे. सगळी कार्यालयं तशी नसतात, कामाची माणसंही भेटतात. पण अनुदान मिळेल तेव्हा मिळेल, घरच्या झाडांपुरता मोरचूद स्वतः विकत आणा.

थोड्या झाडांसाठी १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. अर्ध्या पाण्यात मोरचूद, अर्ध्यात चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून, गाळून तिसऱ्या भांड्यात एकत्र ओता. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. तयार लेपात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा आणखी घाला. लेप त्याच दिवशी संपवा, शिळा ठेवू नका. फुलांवर काही फवारू नका.

शेंडे वाळतात तेव्हा पुष्कळदा दुखणं खाली असतं. बुंध्याजवळची माती हलकेच बाजूला करून पाहा. साल तडकून डिंक गळत असेल तर तो डिंक्या, फायटोप्थोरा बुरशीचा. कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा आणि तिथेही लेप लावा. आपल्या भारी काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचलं की हा रोग बळावतो, म्हणून आळं दुहेरी करा, म्हणजे बुंध्याभोवती दोन रिंगणं; पाणी बाहेरच्या रिंगणात द्या, आतलं कोरडं राहू द्या. डोळा बांधलेल्या जागेच्या खालून जंबेरीचे (ज्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात त्या झाडाचे) फुटवे आले असतील तर तेही काढून टाका. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर (छाटणीची कात्री) सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवून घ्या.

अंगणातलं बाकीचं थोडक्यात. बोर आता छाटू नका, फळं संपून पानगळ झाली की एप्रिल-मे मध्ये छाटा. मोहोर असलेल्या आंब्याला हात लावू नका. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळू नका, संत्र्याच्या आळ्यात तीन-चार इंच पसरा, फक्त बुंध्याला टेकू देऊ नका. वाळलेली सल मात्र झाडाखाली राहू देऊ नका, बुरशी तिच्यातच टिकते, ती वाडीबाहेर नेऊन जाळा.

मृग लागायच्या आधी बुंध्याला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत हाच लेप द्या, आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा एकदा.