वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल, बदललेले गट आणि लांबलेले प्रवास

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील अनेक घरांतील मुले अमेरिकेतील विद्यापीठांत शिकत आहेत आणि त्यांच्याकडून कानावर येणाऱ्या तेथील फुटबॉलविषयी आपण वाचक आवर्जून विचारणा करीत असता. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. या उत्तरांत, चौथ्या पत्राचा अपवाद वगळता, फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकी खेळ समजावा.

प्रश्न : माझी भाची लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, शिकते. तेथील संघाला एकाच मोसमात पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि नेब्रास्का येथे जाऊन खेळावे लागले, असे ती सांगते. शेजारची विद्यापीठे सोडून एवढ्या दूर जाण्याचे कारण काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपल्या भाचीने सांगितले ते २०२४ च्या मोसमाचे वर्णन आहे. त्या वर्षी यूसीएलएचा संघ हवाई, लुइझियाना, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, नेब्रास्का आणि वॉशिंग्टन एवढ्या राज्यांत जाऊन खेळला. यांपैकी न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठ लॉस एंजेलिसपासून विमानमार्गाने सुमारे चार हजार किलोमीटरवर आहे. कन्याकुमारी ते श्रीनगर हे हवाई अंतरही त्याहून बरेच कमी भरते. शिवाय दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत तीन तासांचा फरक पडतो.

आपसांत सामने खेळण्यासाठी, विजेता ठरवण्यासाठी आणि मिळालेले उत्पन्न वाटून घेण्यासाठी तेथील विद्यापीठे जे गट स्थापन करतात त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हे गट प्रारंभी शेजाराच्या नात्यानेच उभे राहिले. मध्य-पश्चिमेतील सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला गट पुढे बिग टेन म्हणून प्रसिद्ध झाला, तर पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचा गट १९१५ मध्ये सुरू झाला आणि अनेक नावे बदलत पॅक-१२ या नावापर्यंत आला. संघ रेल्वेने प्रवास करीत त्या काळी दुसरा मार्गही नव्हता.

हा शेजार मोडण्याची सुरुवात मैदानावर झाली नाही, न्यायालयात झाली. कोणाचे किती सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत हे १९८४ पर्यंत एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था ठरवीत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. प्रक्षेपणाचे हक्क विकण्याची मोकळीक विद्यापीठांना आणि त्यांच्या गटांना मिळताच कोणत्या गटात कोणते शहर आहे, म्हणजेच किती प्रेक्षक आहेत, याला किंमत आली. लॉस एंजेलिस ही न्यूयॉर्कखालोखाल अमेरिकेतील सर्वांत मोठी टीव्ही बाजारपेठ आहे. यूसीएलए आणि त्याच शहरातील यूएससी या दोन विद्यापीठांनी ३० जून २०२२ रोजी पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले, आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. मागे राहिलेल्या पॅक-१२ ला तोडीचा करार मिळवता आला नाही. २०२३ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात कोलोरॅडो, ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट, युटा, स्टॅनफर्ड आणि बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ अशी आठ विद्यापीठे एकामागून एक बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कले तर अटलांटिक किनाऱ्यावरील एसीसी या गटात गेली आणि त्यासाठी प्रारंभीच्या अनेक वर्षांत उत्पन्नाचा अपुरा वाटा घेण्यासही तयार झाली.

या फेररचनेची खरी झळ फुटबॉलच्या संघाला सर्वांत कमी लागते, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी असतो. संघ शुक्रवारी खास विमानाने निघतो आणि सामना संपताच परततो; बाहेरगावचे असे दौरे मोसमात पाच-सहाच होतात. परंतु गट बदलला की विद्यापीठाचे बहुतेक सर्व खेळ त्याच्याबरोबर जातात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, बास्केटबॉल किंवा सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींचे सामने अधिक असतात, त्यांतील बरेच आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात आणि त्यांचा प्रवास पुष्कळदा साध्या प्रवासी विमानांनी, मध्ये विमान बदलून होतो. यांतील बहुतेक खेळांतून विद्यापीठाला फायदा होत नाही. टीव्हीचा करार फुटबॉलने मिळवला आणि बुडालेल्या तासिका, विमानतळावर केलेला अभ्यास आणि अपुरी झोप मात्र त्या करारात नाव नसलेल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आली, हे मला अन्यायाचे वाटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळालाही हा प्रश्न दिसला होता. डिसेंबर २०२२ मध्ये यूसीएलएला परवानगी देताना खेळाडूंचा आहार, अभ्यासातील मदत आणि प्रवास यांवर अधिक खर्च करण्याची अट मंडळाने घातली, आणि नंतर यूसीएलएने बर्कलेला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असेही ठरवले, कारण एकाच विद्यापीठाच्या एका शाखेच्या जाण्याने दुसऱ्या शाखेचे नुकसान झाले होते. या अटी योग्यच होत्या, पण प्रवासाचे अंतर त्यांनी कमी झालेले नाही.

प्रश्न : सामन्यांचे वेळापत्रक नेमके कोण ठरवते? जुने प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळेनासे झाले, हे खरे आहे काय?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी

उत्तर : वेळापत्रक एका हाताने ठरत नाही. नियमित मोसमात प्रत्येक संघाचे साधारणपणे बारा सामने असतात. त्यांपैकी बिग टेनमधील संघ नऊ सामने आपल्या गटातील संघांशी खेळतो आणि ते गटाचे कार्यालय ठरवते. नऊ ही विषम संख्या असल्यामुळे एका वर्षी पाच सामने घरच्या मैदानावर आणि चार बाहेर, तर पुढच्या वर्षी त्याच्या उलट अशी विभागणी होते. गटात आता अठरा विद्यापीठे असल्याने सर्वांशी दरवर्षी खेळणे शक्य नाही. म्हणून मिशिगन–ओहायो स्टेट, यूसीएलए–यूएससी, ओरेगन–वॉशिंग्टन अशा काही जोड्यांचे सामने दरवर्षी राखून ठेवले आहेत आणि उरलेले प्रतिस्पर्धी फिरते असतात.

गटाबाहेरचे सामने दोन विद्यापीठांचे क्रीडा विभाग परस्पर करार करून ठरवतात आणि हे करार अनेकदा कित्येक वर्षे आधी झालेले असतात. त्यांत एक प्रकार असा की, मोठे विद्यापीठ लहान विद्यापीठाला ठरावीक रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावते आणि परतीचा सामना खेळत नाही. २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमने ॲपलाचियन स्टेटला १५ लाख डॉलर देऊन बोलावले आणि पाहुण्यांनी तो सामना १७–१४ असा जिंकला. लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा मोठा खर्च अशा एका सामन्यातून निघतो, त्यामुळे हरण्याची शक्यता पत्करूनही ती जातात. हवाईत जाऊन खेळणाऱ्या संघाला बारापेक्षा एक सामना अधिक खेळण्याची सवलत नियमातच आहे, ती त्या प्रवासाचा खर्च लक्षात घेऊन दिलेली आहे.

प्रतिस्पर्ध्यांविषयी आपण ऐकले ते खरे आहे. टेक्सस ए अँड एमने गट बदलल्यामुळे टेक्सस विद्यापीठाबरोबरचा त्यांचा शतकाहून जुना वार्षिक सामना २०११ नंतर बंद पडला. टेक्ससही त्याच एसईसी गटात आल्यावर तो ३० नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा खेळला गेला आणि टेक्ससने १७–७ असा जिंकला. म्हणजे बारा मोसम अशी मुले शिकून बाहेर पडली, ज्यांना आपल्या राज्यातील सर्वांत मोठा सामना खेळायलाच मिळाला नाही. त्याच फेररचनेत ओक्लाहोमा विद्यापीठ एसईसीमध्ये गेल्याने ओक्लाहोमा स्टेटशी त्याचा दरवर्षी होणारा सामना २०२३ नंतर थांबला आहे.

प्रश्न : पॅक-१२ मधील बारापैकी दहा विद्यापीठे गेली, तर उरलेल्या दोघांचे काय झाले?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही ती दोन विद्यापीठे होत. गटाच्या मालमत्तेवर आणि कारभारावर कोणाचा हक्क यासाठी ती न्यायालयात गेली आणि जाणाऱ्यांऐवजी राहणाऱ्यांच्या बाजूने निकाल लागला. २०२४ मध्ये त्यांनी माउंटन वेस्ट या गटातील संघांशी करार करून सामने मिळवले. गट चालू ठेवण्यासाठी किमान आठ सदस्य लागतात. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना घेऊन फुटबॉलसाठी ही संख्या २०२६ च्या मोसमापासून पूर्ण होते. टेक्सस स्टेट वगळता हे सर्व पश्चिमेकडचेच संघ आहेत.

प्रश्न : मी महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा विषय सांभाळतो. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत असा गट बदलण्याचा प्रकार होऊ शकतो काय?
– एक शिक्षक, चिकोडी

उत्तर : गुरुजी, आपल्याकडे विद्यापीठाला गट निवडताच येत नाही. भारतीय विद्यापीठ संघाने देशाचे चार विभाग केले आहेत आणि कोणते विद्यापीठ कोणत्या विभागात हे त्याच्या राज्यावरून ठरते. बेळगावातील राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला जोडलेली होती. दोन्ही विद्यापीठे दक्षिण विभागातच येत असल्याने संलग्नता बदलली तरी आपल्या मुलांचा विभाग बदलला नाही. शिवाजी विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ पश्चिम विभागात आहेत. त्यामुळे बेळगावहून महामार्गाने सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या कोल्हापूरच्या विद्यापीठ संघाशी आपल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची गाठ पडायची तर दोघांनाही आपापल्या विभागातून वर यावे लागते, आणि विभागीय स्पर्धा केरळात किंवा तमिळनाडूत असेल तर आपली मुले रेल्वेने दिवसरात्र प्रवास करून तेथे पोहोचतात. फुटबॉलसाठी कोल्हापूरची पेठ न् पेठ जागी असते आणि तेथील संघांशी खेळूनच आपल्या सीमाभागातील मुले तयार होऊ शकतात, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत, तेथे बाजारपेठ आणि येथे राज्याची सीमा, पण खेळाडूच्या दृष्टीने परिणाम सारखाच आहे. अमेरिकी विद्यापीठे स्वतःच्या इच्छेने लांब गेली आणि त्या बदल्यात त्यांना मोठी रक्कम मिळाली. आपल्या मुलांना त्या अंतराचा कोणताही मोबदला नाही. यावर महाविद्यालयांच्या पातळीवर एक मार्ग मोकळा आहे. विभागीय स्पर्धांपूर्वी कोल्हापूर, गडहिंग्लज आणि गोव्यातील महाविद्यालयांशी निमंत्रित सामने ठेवण्यास विभागांची अडचण येत नाही, आणि बसने सकाळी निघून रात्री परत येता येते, त्यामुळे मुलांची तासिका फार तर एका दिवसाची बुडते. आपल्यासारख्या शिक्षकांनी हे सामने दरवर्षीच्या नियोजनातच घालावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मुलगा पेन स्टेटमध्ये शिकतो. आम्ही दोघे ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे जाणार आहोत आणि त्याच्याबरोबर परगावचा एखादा सामना पाहावा असे त्याच्या मनात आहे. काय काळजी घ्यावी?
– एक दांपत्य, खानापूर

उत्तर : आपण जरूर जावे. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी की, सामन्याचा दिवस महिनोन्महिने आधी ठरलेला असला तरी सुरू होण्याची वेळ पुष्कळदा टीव्ही वाहिन्या बारा दिवस आधी, आणि कधी तर केवळ सहा दिवस आधी निश्चित करतात. पेन स्टेट ज्या गटात आहे त्या बिग टेनमध्ये, पूर्व किनाऱ्यावरील घड्याळानुसार, फॉक्सचा सामना बहुधा दुपारी बाराला, सीबीएसचा साडेतीनला आणि एनबीसीचा रात्री साडेसातला असतो. त्यामुळे परतीचे विमान शनिवारी रात्रीचे कधीही काढू नये. रविवारी दुपारनंतरचे काढावे. ही विद्यापीठे बहुधा लहान गावांत आहेत, सामन्याच्या दिवशी तेथे गावाच्या लोकसंख्येहून अधिक माणसे येतात, आणि अनेक हॉटेले त्या आठवड्याला किमान दोन रात्रींचे भाडे घेतात. ज्या गावी सामना आहे तेथून तास-दीड तासाच्या अंतरावरील शहरात मुक्काम केल्यास खर्च बराच कमी होतो, मात्र सामन्यानंतर वाहनांच्या रांगेत दोन तास जातील हे गृहीत धरावे.

तिकिटे विद्यापीठाच्या तिकीट कार्यालयातून किंवा त्याने मान्य केलेल्या पुनर्विक्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत. ती मोबाईलवर येतात, म्हणून मुलाच्या एकट्याच्या फोनवर न ठेवता आपल्या फोनवरही आपापले तिकीट घेऊन ठेवावे. पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी मैदानाच्या एका कोपऱ्यात जागा राखलेल्या असतात. आपण त्याच भागात बसल्यास मुलाच्या विद्यापीठातील मंडळी भोवती असतील. बहुतेक मैदानांवर पारदर्शक पिशवीच आत नेऊ देतात. त्यामुळे वहिनींनी नेहमीची पर्स हॉटेलवरच ठेवावी. औषधे बरोबर लागत असतील तर त्या मैदानाचे नियम संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावेत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तेथे रात्री चांगलीच थंडी असते आणि सामना साडेतीन तासांच्या आसपास चालतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि बसण्यासाठी एखादे जाड कापड जवळ असावे.

घरी राहिलेल्यांना सामना पाहायचा असेल तर तेथील दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि तेथील रात्रीचे साडेसात म्हणजे आपले रविवारचे पहाटेचे पाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यानंतर या वेळांत एक तास मिळवावा.